वस्तुसंग्रहालयातून थेट गावच्या शाळेत

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर होय. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तेथे बेसॉल्ट दगडाचा एक भग्न खंड मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेली अक्षरे सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखातील असल्याचे निष्पन्न झाले. या लेखाचा संपूर्ण पाठ देशात अन्यत्र सापडलेल्या प्रतींवरून ज्ञात आहे. पूर्वीचे राजे मृगया व करमणुकीसाठी यात्रेस निघत; आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली असून तीत श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, त्यांस दान, तसेच जनपदातील, म्हणजे ग्रामीण भागातील लोकांची भेट यांचा समावेश असतो, असा त्याचा आशय आहे.

राजाने राजधानी सोडून खेड्यातील माणसाला भेटावयास जावे, असे सांगणारा हा दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्याच १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन झाले. त्यात मिळालेला अस्थिकरंडक व बुद्धांच्या आठ धातुमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन करून ठेवण्यात आल्या आहेत. या वस्तू जाणकारांच्या हाती सुरक्षित राहिल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या जिल्ह्याच्या भूमीतून त्या निघाल्या, त्याच जिल्ह्यातील मोखाड्याच्या किंवा तलासरीच्या आश्रमशाळेतील विद्यार्थ्याला त्या केव्हा व कशा पाहावयास मिळणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. वस्तुसंग्रहालयातील कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. मात्र ते नीट केले तरच उपयोगी ठरते. ते नीट करणे म्हणजे काय, याचा विचार या लेखात केला आहे.

अंतर केवळ किलोमीटरचे नाही

चर्चगेटपासून पालघर रेल्वेने सुमारे ९० किलोमीटर व बोईसर सुमारे १०० किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत जातात. त्यामुळे किनारपट्टीवरील गावांना मुंबई तशी जवळ आली. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील विद्यार्थ्यांना मात्र आधी एसटीने रेल्वे स्थानक गाठावे लागते किंवा थेट बस करावी लागते. चाळीस मुलांची सहल म्हणजे वाहन, भोजन, सोबतचे शिक्षक आणि पालकांची संमती. दिवस उजाडण्यापूर्वी निघून रात्री परतावे लागते, आणि प्रत्यक्ष संग्रहालयात मिळतात ते दोन-तीन तास.

ही अडचण संग्रहालयांनाही ठाऊक आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या बसमधील संग्रहालयाचा उपक्रम सुरू केला, तो याच जाणिवेतून. पुढे मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभरातील संग्रहालयांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा व्याख्याने, दालनांतील मार्गदर्शन व मुलांचे वर्ग इंटरनेटवरून घेण्याची सवय संस्थांना व प्रेक्षकांनाही झाली. संकटकाळात गरजेपोटी उचललेले ते साधन आता कायमच्या उपयोगाचे करून घेण्याची संधी आहे.

पन्नास वर्षांपूर्वीचा धडा

दूरच्या खेड्याला पडद्यावरून शिक्षण देण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' या नावाने ओळखला जाणारा दूरचित्रवाणी प्रयोग भारतात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले होते. महाराष्ट्रातील खेडी त्यात नव्हती. तथापि त्या प्रयोगाचा धडा सर्वांनाच लागू पडतो. आकाशातील उपग्रहाइतकेच महत्त्व गावातील संचाच्या देखभालीला, विजेला आणि संच वेळेवर सुरू करणाऱ्या माणसाला असते, हा तो धडा होय.

आज उपग्रहाच्या जागी ऑप्टिकल फायबर व मोबाइलचे मनोरे आले आहेत. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेस २०११ मध्ये मान्यता मिळाली व पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. साधने बदलली, पण साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, हे मात्र बदललेले नाही.

साखळीच्या कड्या

थेट प्रक्षेपण, ज्याला व्यवहारात लाइव्ह स्ट्रीमिंग म्हणतात, ते पाच टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कॅमेरे चित्र टिपतात व ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, आवाज घेतात. दुसऱ्या टप्प्यात स्विचर या यंत्रावर बसलेला तंत्रज्ञ निरनिराळ्या कॅमेऱ्यांतील योग्य ते चित्र निवडतो; आवाजाची जुळणी मिक्सरवर स्वतंत्रपणे होते. तिसऱ्या टप्प्यात एन्कोडर हे यंत्र किंवा संगणकातील प्रणाली चित्र व आवाज यांचे आकारमान आटोपशीर करून ते पाठविण्याजोगे बनविते. चौथ्या टप्प्यात इंटरनेटवरील प्रसारण मंच तो प्रवाह घेऊन प्रेक्षकांपर्यंत पोहोचवितो. पाचवा टप्पा गावातला. तेथे पडदा, ध्वनिक्षेपक आणि समोर बसलेली मुले असतात.

लग्नसमारंभाचे व कारखान्यांच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करणारे व्यावसायिक पालघरला आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातही आहेत. बहुतेक यंत्रसामग्री तीच लागते. संग्रहालयाचे काम मात्र वेगळ्या स्वरूपाचे असते. समारंभात माणसे दिसली म्हणजे पुरे. संग्रहालयात वस्तू समजली पाहिजे. हा फरक काम देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही आधीच ओळखणे अगत्याचे आहे.

दगड बोलतो तो तिरप्या प्रकाशात

सोपाऱ्याच्या शिलालेखाचेच उदाहरण घेऊ. काळसर बेसॉल्टवरील कोरीव अक्षरे उथळ असतात. समोरून प्रखर दिवा टाकला तर दगड सपाट दिसतो आणि अक्षरे नाहीशी होतात. तोच दिवा एका बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून, तिरपा धरला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. शिलालेख वाचणारे अभ्यासक ही युक्ती नेहमी वापरतात. प्रक्षेपणात तज्ज्ञ बोलत असताना दिवा समोरून बाजूला नेऊन दाखविला, तर कोरलेली अक्षरे कशी वाचतात याचा पाठच मुलांना मिळतो. प्रत्यक्ष दालनात काचेपलीकडून पाहणाऱ्यालाही हे सहसा दिसत नाही.

मात्र दगडाला जे चालते ते कागदाला चालत नाही. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सपर्यंत जाते. कागदावरील चित्रे, हस्तलिखिते व वस्त्रे यांच्यासाठी संग्रहालयशास्त्रात ५० लक्सची मर्यादा पाळण्याची पद्धत आहे. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा दालनात चित्रीकरणाचे जादा दिवे लावण्याऐवजी अंधुक प्रकाशातही काम देणारा कॅमेरा आणणे, हाच योग्य मार्ग होय. कोणत्या वस्तूवर किती प्रकाश व किती वेळ टाकावयाचा, याचा निर्णय संग्रहालयाच्या अभिरक्षकाचा असावा. चित्रीकरण करणाऱ्याचा नव्हे.

साधारण कार्यक्रमास तीन कॅमेरे पुरतात. एक संपूर्ण दालन दाखविण्यासाठी स्थिर, दुसरा वक्त्यावर आणि तिसरा वस्तूच्या अगदी जवळून. तीनांपैकी एकच परवडत असेल, तर तो वस्तूजवळ ठेवावा. वक्त्याचा चेहरा न दिसता त्याचे म्हणणे समजते. वस्तू न दिसता समजत नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

प्रक्षेपणाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्यासाठी रक्कम ठेवली जाते आणि आवाज गृहीत धरला जातो. वस्तुतः चित्र थोडे अस्पष्ट झाले तरी प्रेक्षक थांबतो. आवाज तुटू लागला की पाच मिनिटांत वर्ग अस्वस्थ होतो. उंच छताच्या दगडी दालनात आवाज घुमतो. म्हणून वक्त्याच्या छातीशी लावण्याचा छोटा माइक आवश्यक असतो. कॅमेऱ्यावरच्या माइकने भागत नाही.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तारपावादन ऐकविण्यात येत होते व ते एका शाळेत पडद्यावर दाखविले जात होते. वादकाचे गाल फुगलेले दिसत होते, बोटे फिरत होती. पण ध्वनिक्षेपकातून मधूनच एखादा तुटक स्वर येई आणि पुन्हा शांतता पसरे. शिक्षकांनी यंत्र दोनदा बंद करून सुरू केले. अखेर ज्या मुलांच्या घरी तारपा वाजतो त्यांनीच इतरांना तो कसा वाजतो ते तोंडाने वाजवून दाखविले. दोष वादकाचा नव्हता आणि शाळेच्या यंत्राचाही नव्हता. कार्यक्रम बैठकांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालीवरून पाठविला जात होता. अशा प्रणालीत पंख्याची घरघर वा वाहनांचा आवाज यांसारखे अखंड नाद 'गोंगाट' समजून काढून टाकण्याची व्यवस्था असते. दुधीभोपळा, बांबू, ताडाचे पान व मेण यांपासून बनणाऱ्या तारप्याचा नाद वादक श्वास न तोडता अखंड ठेवतो. यंत्राने त्या वाद्यालाच गोंगाट ठरविले होते.

उपाय सोपा आहे. संगीताच्या कार्यक्रमात आवाज गाळण्याची व तो आपोआप कमी-अधिक करण्याची व्यवस्था बंद ठेवावी, वाद्यासाठी स्वतंत्र माइक थोड्या अंतरावर लावावा आणि आदल्या दिवशी पूर्ण आवाजात तालीम घ्यावी. तारपा नृत्याच्या चित्रणातही असेच एक तारतम्य लागते. नर्तकांची साखळी वादकाभोवती वर्तुळाकार फिरते. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला केवळ पाठी व खांदे दिसतात. उंचावरून, गच्चीवरून वा मचाणावरून घेतलेल्या चित्रातच ते वर्तुळ उलगडते.

जोडणी, वीज आणि थोडे गणित

'येथे नेट चांगले आहे' या वाक्यावर कार्यक्रम आखू नये. बहुतेक जोडण्यांत माहिती उतरवून घेण्याचा वेग जास्त व पाठविण्याचा कमी असतो. प्रक्षेपणाला पाठविण्याचा वेग लागतो. उत्तम प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट, तर मध्यम प्रतीसाठी सुमारे ३ मेगाबिट असा प्रवाह सतत जात राहावा लागतो. सुरक्षिततेसाठी जोडणीची मोजलेली क्षमता याच्या दुप्पट असावी. मोजणी कार्यक्रमाच्या जागी व कार्यक्रमाच्याच वेळी करावी. सकाळी रिकाम्या दालनात मिळणारा वेग सायंकाळी शेकडो मोबाइल फोन आत आल्यावर मिळत नाही. प्रेक्षकांसाठी असलेल्या वायफायवरून प्रक्षेपण कधीही करू नये. तारेची स्वतंत्र जोडणी घ्यावी आणि दुसऱ्या कंपनीची मोबाइल जोडणी राखीव ठेवावी.

५ मेगाबिटच्या प्रवाहास तासाला सुमारे सव्वादोन गिगाबाइट माहिती खर्च होते. पाहणाऱ्याने १ मेगाबिटचे साधे चित्र निवडल्यास तासाला सुमारे ४५० मेगाबाइट लागतात. एखाद्या वर्गातील तीस मुलांनी तीस फोनवर पाहण्याऐवजी एका पडद्यावर पाहिले, तर खर्च तिसाव्या हिश्श्याने होतो आणि जोडणीही तग धरते. केवळ आवाजाला तासाला सुमारे ६० मेगाबाइट पुरतात. म्हणून जेथे जोडणी क्षीण आहे त्या गावांसाठी केवळ आवाजाचा प्रवाह वेगळा द्यावा आणि वस्तूंची छायाचित्रे शाळेकडे आधीच पाठवावीत. शिक्षकाने योग्य वेळी योग्य छायाचित्र दाखविले तर तोही एक परिपूर्ण पाठ होतो.

विजेबाबत असे की, कॅमेरे स्वतःच्या बॅटरीवर चालतात. वीज जाताच बंद पडतात ते राउटर, एन्कोडर व मिक्सर. ही तीन यंत्रे यूपीएसवर असलीच पाहिजेत. गावाच्या टोकालाही पडदा व राउटर यांसाठी अशीच तजवीज हवी.

तारीख ठरविताना

आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून १८ मे रोजी साजरा होतो. त्या दिवशी संग्रहालयांत उत्तम कार्यक्रम असतात. परंतु आपल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन ऐन पावसाळ्यात येतो, जेव्हा जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात वीज व जोडणी दोन्हींची खात्री देता येत नाही. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह त्या मानाने सोयीचा आहे.

तथापि दिवाळीनंतर या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या व बांधकामांच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. म्हणून थेट प्रक्षेपण एवढेच उद्दिष्ट न ठेवता त्याचे ध्वनिचित्रमुद्रण पुढेही उपलब्ध राहील, अशी व्यवस्था करावी. जे मूल त्या दिवशी वर्गात नव्हते, त्याच्यासाठीही कार्यक्रम झाला पाहिजे.

वर्गातील तयारी

प्रक्षेपण हे शिक्षकाला पर्याय नाही. आठवडाभर आधी शिक्षकांकडे विषयाचे एक पानी टिपण, चार छायाचित्रे व तीन प्रश्न पोहोचावेत. ब्राह्मी लिपीतील पाच-सहा अक्षरे मुलांनी आधीच फळ्यावर गिरविली असतील, तर पडद्यावर ते अक्षर दिसताच वर्ग उजळून निघतो.

मुलांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. प्रसारण मंचावरून येणारे चित्र साधारणपणे १० ते ३० सेकंद उशिरा दिसते. म्हणून प्रश्न दूरध्वनीवरून घ्यावेत आणि त्या वेळी वर्गातील ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. अन्यथा आवाज प्रतिध्वनीसारखा फिरत राहतो. कोणत्या शाळेने केव्हा बोलावयाचे याची यादी आधी ठरलेली असावी.

भाषेचाही विचार हवा. या जिल्ह्यातील अनेक मुले घरी वारली, कोकणा, कातकरी अशा बोली बोलतात. मुंबईतील तज्ज्ञाचे पारिभाषिक मराठी त्यांना अवघड जाते. कार्यक्रमात एखाद्या स्थानिक शिक्षकाने मधूनमधून त्यांच्या बोलीत सार सांगितल्यास मोठा लाभ होतो. त्याचप्रमाणे कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषेचा जाणकार पडद्याच्या एका कोपऱ्यात स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था करणे कठीण नाही. तसे आधी ठरले मात्र पाहिजे.

काम देताना काय लिहून घ्यावे

ग्रामपंचायत, शाळा वा संस्था यांनी व्यावसायिक सेवा घेताना केवळ एकूण रकमेचे दरपत्रक मागवू नये. प्रचलित खरेदी नियमांनुसार दरपत्रके मागविताना कामाचे वर्णन स्पष्ट लिहावे. कॅमेऱ्यांची संख्या, माइकचा प्रकार, दोन स्वतंत्र जोडण्या, यूपीएसची तरतूद, तंत्रज्ञांची संख्या व आदल्या दिवसाची तालीम हे सर्व त्यात यावे. जोडणी तुटल्यास पाच मिनिटांत दुसरी कशी सुरू होणार, हेही विचारावे. सर्वांत कमी दराच्या पत्रकात बहुधा यांपैकीच काही गाळलेले असते.

मूळ ध्वनिचित्रमुद्रण कोणाकडे राहणार, हा मुद्दा सर्वाधिक वेळा विसरला जातो. इंटरनेटवर राहणारी प्रत आकार घटविलेली असते. कॅमेऱ्यात होणारे ५० मेगाबिट दराचे मुद्रण तासाला सुमारे साडेबावीस गिगाबाइट जागा घेते, पण अभ्यासासाठी तेच उपयोगी असते. ते मुद्रण ठरावीक मुदतीत संस्थेच्या स्वाधीन करावे, अशी अट असावी. त्याच्या तीन प्रती कराव्यात; त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत्येक मुद्रणासोबत दिनांक, स्थळ, विषय व सहभागी व्यक्तींची नावे लिहिलेला कागद नसेल, तर दहा वर्षांनी ते मुद्रण कोणालाही ओळखता येणार नाही.

परवानगी, मान आणि मानधन

थेट प्रक्षेपणात एकदा बाहेर गेलेले चित्र परत बोलाविता येत नाही. म्हणून परवानग्या आधी घ्याव्यात. केंद्र संरक्षित स्मारकांत, उदाहरणार्थ वसईच्या किल्ल्यात, चित्रीकरण करावयाचे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या परिसरात तर केंद्र सरकारच्या परवानगीविना तो उडविण्याचा विचारही करू नये. मुलांचे चेहरे दाखवावयाचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी.

कलावंतांचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्यात १९९४ व २०१२ मध्ये झालेल्या सुधारणांमुळे सादरकर्त्यालाही त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळालेले आहेत. तारपावादक असो, धवलेरी असो वा चित्रकार, कार्यक्रम किती काळ व कोठे दाखविला जाईल हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगून संमती घ्यावी आणि मानधन कार्यक्रमाच्याच दिवशी द्यावे. यंत्राच्या भाड्याचे देयक चुकते होते आणि ज्याच्यासाठी यंत्र आणले तो कलावंत मात्र महिनोन्महिने वाट पाहत राहतो, असे होता कामा नये.

सर्व काही दाखविण्यासाठी नसते, हेही ओळखले पाहिजे. वारली विवाहातील चौक सुवासिनी लिहितात. त्यात पालघट देवीची प्रतिष्ठा असते. तो एक विधी आहे. त्याचा कोणता भाग कॅमेऱ्यासमोर आणावयाचा, हे त्या घरातील व पाड्यातील वडीलधाऱ्यांनी ठरवावे.

प्रवाह दोन्ही दिशांनी

मुंबईहून गावाकडे एवढाच हा मार्ग मानला, तर त्याचा निम्मा उपयोग वाया जाईल. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरील वारली चित्र कागदावर व कापडावर आणले आणि ते जगभर नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रे संग्रहालयांत राहतील. पण चित्रातील झाड, देव, जनावर यांच्यामागची गोष्ट सांगणारी पिढी हळूहळू कमी होत आहे. संग्रहालयातील दालनात चित्र आणि गंजाडच्या वा अन्य पाड्याच्या अंगणात ते समजावून सांगणारे ज्येष्ठ, असा दुहेरी कार्यक्रम झाला तर शहरातील अभ्यासकही श्रोता होईल आणि गावातील मूल आपल्या आजीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

अशा नोंदी करण्याजोगे विषय प्रत्येक तालुक्यात आहेत. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे स्वातंत्र्यासाठी पाच तरुणांनी प्राण दिले. त्या घटनेच्या आठवणी घराघरांतून ऐकून वाढलेली माणसे आज वृद्ध आहेत. तारापूरचा किल्ला, तेथून जवळच १९६९ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत, हा एकाच परिसरातील शतकांचा प्रवास आहे. जुने मासेमारी गाव, शेतकरी वस्ती आणि कारखान्यातील कामगार यांच्याकडील वस्तू व आठवणी एका शाळेच्या सभागृहात मांडून त्यांचे प्रक्षेपण केले, तर संग्रहालय म्हणजे केवळ मुंबईची भव्य वास्तू नव्हे, हेही सर्वांच्या ध्यानात येईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या या तरुण जिल्ह्याला आपल्या जुन्या स्मृती अशा रीतीने एकत्र करता येतील.

एका तालुक्यापासून आरंभ

आरंभ लहान असावा. एका तालुक्यातील दहा शाळा, डहाणू वा जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांतर्गत दोन आश्रमशाळा, एक संग्रहालय आणि पाऊण तासाचा एक कार्यक्रम एवढे पुरे आहे. प्रत्येक शाळेत एक शिक्षक व ग्रामपंचायतीतील एक सदस्य यांनी जबाबदारी घ्यावी. कार्यक्रमानंतर किती जणांनी पाहिले हा आकडा जरूर लिहावा. पण किती वेळ आवाज तुटला, मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या शाळेत पडदा काळाच राहिला, हे त्याहून काळजीपूर्वक लिहावे. पुढच्या कार्यक्रमाची सुधारणा याच नोंदीतून होते. प्रक्षेपणाचे यश पाहणाऱ्यांच्या लाखांच्या आकड्यावरून ठरवू नये; यादीतील शेवटच्या शाळेवरून ठरवावे.

प्रत्यक्ष वस्तूसमोर उभे राहण्याचा अनुभव पडदा देऊ शकत नाही, हे खरे आहे. सहली बंद करण्यासाठी हे साधन नाही. उलट, पडद्यावर एकदा पाहिलेला दगड मोठेपणी शोधत जाणारी मुले त्यातून घडावीत, अशी अपेक्षा आहे. सोपाऱ्याच्या दगडाने बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी जनपदातील माणसांना भेटण्याची गोष्ट सांगितली होती. तो दगड ज्या मातीतून निघाला, तिच्यातील मुलांपर्यंत त्याचा तो शब्द स्पष्ट चित्रासह, न तुटणाऱ्या आवाजात आणि त्यांना कळेल अशा भाषेत पोहोचविणे, हे आता आपल्या हाती आहे.